गाव गूगलवर आणताना

रामाकोना हे नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचं, कन्हान नदीजवळचं गाव. राज्य मध्य प्रदेश, कचेरीतला कारभार हिंदीत, घरात आणि बांधावर मराठी, आणि बाजार नागपूरचा. 2023 मध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला, तेव्हा आमचा सौंसर तालुकाही छिंदवाड्यातून निघून त्यात गेला. या पट्ट्यातली संत्री, देवस्थानं, रेल्वे आणि जुन्या आठवणी यांची माहिती देणारी एक वेबसाइट मी चालवते. इथल्या बागाईतदाराचा माल थेट गिऱ्हाइकाच्या घरी जावा, हाही तिचा एक हेतू. पुण्यात बसलेल्या माणसाने गूगलवर शोधलं की आमचं पान वर दिसावं यासाठी जी धडपड केली, तिच्यातून हाती लागलेलं लिहून ठेवते आहे. छोट्या गावातून असं काम करणाऱ्यांना ते उपयोगी पडेल.

1. बॅकलिंक म्हणजे शिफारस, आणि शिफारस करणाऱ्याची पत आधी बघितली जाते.

दुसऱ्याच्या वेबसाइटवरून आपल्या पानाकडे येणारा दुवा म्हणजे बॅकलिंक. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करत होते, तेव्हा 1998 साली त्यांनी 'पेजरँक'ची कल्पना मांडली. संशोधक आपल्या निबंधात इतरांच्या निबंधांचे दाखले देतात. ज्याचे दाखले जास्त जण, आणि जाणते लोक देतात, त्याचं वजन जास्त. हाच हिशोब त्यांनी वेबपानांना लावला. आपल्याकडे सोयरीक जुळवतानाही असंच चालतं. दहा अनोळखी लोकांनी घराण्याची तारीफ केली तरी फरक पडत नाही, पण एका जाणत्या मामाने शब्द टाकला की पुढची बोलणी सुरू होतात. जो प्रत्येक स्थळाला चांगलंच म्हणतो, त्याच्या शब्दाला मात्र किंमत उरत नाही. पेजरँकमध्येही एका पानाचं वजन त्यावरच्या सगळ्या दुव्यांत वाटलं जातं, म्हणून शेकडो दुव्यांच्या यादीत आपलं नाव असण्याचा फायदा फार थोडा. आज गूगल इतरही बऱ्याच गोष्टी तपासतं, पण हा पाया कायम आहे.

2. आधी पान गूगलच्या नजरेस पडलं आहे का ते बघा.

सर्च कन्सोल हे गूगलचं साधन फुकट आहे. आपली कोणती पानं गूगलच्या यादीत आली, लोक काय शोधत आले, कुणी आपल्याला लिंक दिली, हे सगळं तिथे दिसतं. साइटमॅप, म्हणजे आपल्या पानांची यादी, तिथेच द्यायचा. आणि फोटो हलके करून टाकायचे, कारण आपला वाचक मोबाइलवर आहे आणि बागेत उभं राहून पान उघडतो आहे. यात शिकण्यासारखं फार नाही, एका दुपारचं काम आहे. पण ते केल्याशिवाय लिंकमागे धावू नये.

3. विकत मिळणारी लिंक घेऊ नये.

वेबसाइट जरा दिसू लागली की फोन आणि ईमेल सुरू होतात: अमुक रुपयांत पाचशे बॅकलिंक, महिन्यात पहिलं पान, गॅरंटी. नागपूरच्या एका ओळखीच्या व्यावसायिकाने असं पॅकेज घेतलं होतं. त्याची यादी मी स्वतः उघडून पाहिली. परदेशी भाषांतली कुणी न वाचणारी पानं, जुगाराच्या जाहिरातींना चिकटून याच्या दुकानाचं नाव, आणि प्रत्येक ठिकाणी दुव्याचे शब्द तेच ते. खऱ्या माणसांनी दिलेल्या लिंक अशा एका साच्यातून निघत नाहीत. कुणी नुसतं गावाचं नाव लिहितं, कुणी 'इथे वाचा' म्हणतं, कुणी पूर्ण मथळा उचलतं.

गूगलने 24 एप्रिल 2012 रोजी 'पेंग्विन' नावाचा बदल आणला तो याच प्रकारावर. त्या वेळी कितीतरी साइट एका रात्रीत खाली गेल्या. 2016 पासून ही तपासणी गूगलच्या मुख्य यंत्रणेचाच भाग आहे, आणि बऱ्याचदा अशा लिंकची शिक्षा होत नाही, त्या नुसत्या मोजल्याच जात नाहीत. म्हणजे पैसे गेले आणि हाती काही आलं नाही. जाहिरात म्हणून पैसे देऊन लिंक घ्यायला हरकत नाही, पण मग त्या दुव्यावर 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' ही, दुवा शिफारस म्हणून धरू नका असं गूगलला सांगणारी खूण हवी, असा नियम आहे. संत्र्याच्या हंगामात एका क्रेटमागे बागाईतदाराच्या हाती काय उरतं हे ज्याने पाहिलं आहे, त्याला या पॅकेजवर पैसे घालवावेसे वाटणार नाहीत.

4. लोक नाव कसं टाइप करतात ते ऐका.

सर्च कन्सोलमधली शोधशब्दांची यादी हे माझं सगळ्यात आवडतं वाचन. सौंसर कुणी अनुस्वारासह लिहितं, कुणी त्याशिवाय. रोमन लिपीत कुणी मध्ये 'एन' घालतं, कुणी गाळतं. मराठीत पांढुर्णा, हिंदीत पांढुर्ना. जामसावळीच्या हनुमान मंदिराला येणारे मराठी भाविक 'जामसावळी' लिहितात, हिंदी भाविक 'जाम सांवली' लिहितात. मोठ्या शहराच्या नावातली चूक गूगल आपोआप सुधारून घेतं. छोट्या गावाच्या बाबतीत तेवढा भरवसा धरता येत नाही. म्हणून पानात ही रूपं सहज ओघात यायला हवीत: एकदा मथळ्यात, एकदा मजकुरात, एकदा फोटोखालच्या ओळीत. एकाच परिच्छेदात दहादा कोंबली तर वाचक पळतो, आणि गूगललाही ते चालत नाही.

मराठी आणि हिंदी मजकूर एकाच पानावर मिसळण्यापेक्षा दोन स्वतंत्र पानं करावीत आणि ती एकमेकांची भाषांतर-जोडी आहेत हे 'एचरेफलँग' खुणेने सांगावं. जिल्हा बदलल्यानंतर तर हे काम वाढलं. जुन्या पानांत अजून 'जिल्हा छिंदवाडा' आहे, माणसं दोन्ही प्रकारे शोधतात, म्हणून मी पत्त्यात नवा जिल्हा लिहिते आणि तालुका पूर्वी छिंदवाड्यात होता हेही लिहिते.

5. जे दुसरीकडे कुठेच नाही ते मांडलं, तर लिंक मागावी लागत नाही.

हा सगळ्यात महत्त्वाचा अनुभव, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमच्या गावावरून नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज गाडी जायची. रुळांमधलं अंतर 2 फूट 6 इंच, म्हणजे 762 मिलिमीटर. 2015 च्या अखेरीस ब्रॉडगेजच्या कामासाठी ती बंद झाली. मोठ्यांच्या बोलण्यात ती गाडी रोज येते, पण इंटरनेटवर रामाकोना स्टेशनबद्दल वेळापत्रकाच्या कोरड्या तक्त्यापलीकडे जवळपास काही नव्हतं. मी एक पान केलं. स्टेशनांची क्रमवार नावं, घरोघरी मागून आणलेले फोटो, प्रत्येक फोटोखाली साल आणि कुठे उभं राहून काढला ते, आणि आत्याच्या पेटीत सापडलेलं पुठ्ठ्याचं जुनं तिकीट, रामाकोना ते इतवारी. तिकिटाच्या दोन्ही बाजू स्कॅन केल्या आणि त्यावरची प्रत्येक ओळ मजकुरात टाइप केली. चित्रातली अक्षरं शोधात येतील याचा भरवसा नसतो, टाइप केलेली येतात.

नॅरोगेजचे चाहते जगभर आहेत, आणि ते काटेकोर आहेत. चांगला पुरावा दिसला की आपल्या साइटवर त्याचा दाखला देतात. त्या पानाला लिंक येत गेल्या: रेल्वेप्रेमींच्या साइटवरून, प्रवासवर्णनांतून, एका परदेशी संग्राहकाच्या पानावरून. मी कुणालाही पैसे दिले नाहीत.

दुसरं उदाहरण खडकांचं. रोमन लिपीत 'सौसर' शोधलं की तालुक्याआधी भूगर्भशास्त्राचे शोधनिबंध समोर येतात. या तालुक्याच्या नावाने 'सौसर मालिका' म्हणून अतिप्राचीन खडकांचा समूह ओळखला जातो, आणि नागपूर-भंडारा-बालाघाट पट्ट्यातलं मँगनीज त्याच खडकांतलं आहे. त्या निबंधांशी स्पर्धा करण्यात अर्थ नव्हता. मी सोप्या मराठीत एक पान लिहिलं: हे नाव कुठून आलं, हा खडक आपल्या भागात कुठे दिसतो. भूगोल शिकवणाऱ्या शिक्षकांनी ते उचललं आणि विद्यार्थ्यांसाठीच्या आपल्या पानांवर त्याचा दुवा दिला. मराठीत ते असं एका जागी मिळत नव्हतं, एवढंच कारण.

6. लिंक एका पानाला येते, गिऱ्हाईक दुसऱ्या पानावर हवं असतं.

संत्र्याच्या पानाला फारशा लिंक येत नाहीत. त्यात माहिती उपयोगाची आहे: आंबिया बहाराचा माल साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून, मृगाचा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, कोणता माल किती दिवस टिकतो, पेटी कशी येते. पण विक्रीच्या पानाला कोण आपणहून दुवा देणार? मार्ग आपल्याच घरात होता. रेल्वेच्या पानात एक ओळ आहे, रामाकोन्याच्या फलाटावर टोपल्यांतून संत्री विकायला येत असत म्हणून. त्या 'संत्री' शब्दावरून मी संत्र्याच्या पानाकडे दुवा दिला. जिथे लिंक जमा होतात तिथून आपल्याच दुसऱ्या पानांकडे असे आतले दुवे न्यावेत. हे लोक विसरतात, आणि हे पूर्णपणे आपल्या हातात असतं. वाचणाऱ्याला ते नैसर्गिक वाटलं पाहिजे, एवढी काळजी घ्यावी.

7. गर्दी आली म्हणजे काम झालं असं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीवर गोटमार होते. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये, नदीत रोवलेल्या पळसाच्या झाडासाठी दगडफेक. दरवर्षी माणसं जखमी होतात, देशभरच्या बातम्यांत नाव येतं, आणि माझ्या साइटचा आलेख त्या दिवशी सरळ वर चढतो. दोन दिवसांनी तो होता तिथे येतो. त्या गर्दीतला वाचक थरार बघायला आलेला असतो. तो दुसरं पान उघडत नाही. रक्ताळलेल्या डोक्यांचे फोटो टाकून ही गर्दी वाढवता आली असती. मी टाकत नाही, आणि टाकणाऱ्यांनी थांबावं असं मला मनापासून वाटतं. ती डोकी आपल्याच माणसांची आहेत.

पण या पानाने एक व्यवहाराची गोष्ट शिकवली. बातमीदार पोळ्याच्या आठवडाभर आधीच पार्श्वभूमी शोधतात. परंपरा, दंतकथा, दोन्ही गावांची जागा हे नीट लिहिलेलं पान तेव्हा तयार असेल तर ते त्याचा दाखला देतात. आणि दरवर्षी नवं पान करू नये. पत्ता तोच ठेवून आत तारीख बदलावी: 2025 मध्ये पोळा 22 ऑगस्टला होता, गोटमार 23 ला. सालागणिक वेगळी पानं केली की आलेल्या लिंक जुन्या पानांवर विखरून पडतात.

8. लिंक मागायची असेल तर आधी काहीतरी द्या.

'आमची लिंक टाका' अशा ईमेलला कुणी उत्तर देत नाही. मी वेगळं करते. एखाद्या पर्यटनाच्या साइटवर जामसावळीचा रस्ता चुकीचा आहे, कुठे सौंसर अजून जुन्या जिल्ह्यात दाखवलं आहे, कुठे बंद झालेल्या गाडीची वेळ आहे. मी ती चूक, बरोबर माहिती आणि तिचा आधार, एवढंच लिहून पाठवते. आधार म्हणून आमचं पान असेल तर तेही. पुष्कळ जण दुरुस्ती करून दुवा देतात. काही नुसती दुरुस्ती करतात. तीही चालते, कारण चुकीच्या रस्त्याने भाविक भटकत नाही.

विकिपीडियावरच्या बाहेरच्या दुव्यांना 'नोफॉलो' खूण असते, म्हणून केवळ क्रमांकासाठी तिथे दुवा चिकटवणं व्यर्थ आहे आणि तिथल्या संपादकांना ते आवडतही नाही. आपल्याकडे संदर्भासह माहिती असेल तर लेख सुधारावा, लिंकचा विचार करू नये.

9. छापून आलं आणि नेटवर आलं, यात फरक आहे.

आमच्या भागातली स्मरणिका, शाळेचा वार्षिक अंक, स्थानिक वर्तमानपत्रातला लेख यांत मौल्यवान मजकूर असतो. पण तो ई-पेपरच्या चित्रात किंवा जुन्या 'कृतिदेव', 'शिवाजी' फाँटमध्ये अडकलेला असतो. युनिकोडमध्ये आणल्याशिवाय त्या फाँटमधली अक्षरं शोधयंत्राला मराठी म्हणून कळतच नाहीत. वर्तमानपत्रात आमच्या साइटबद्दल छान टिपण आलं, घरोघरी कात्रण फिरलं, गावात मान वाढला, पण चित्रातल्या नावावर बोट ठेवून कुणी साइटवर पोचत नाही. तेव्हापासून कुणीही लिहिणार असेल तर मी एवढीच विनंती करते: वेब आवृत्तीत टाइप केलेला मजकूर आणि त्यात चालणारा दुवा द्या. व्हॉट्सअॅपवर फिरणारी लिंकही वाचक आणते, पण ती शोधात मोजली जात नाही, हेही त्यांना सांगते.

सौंसर, पांढुर्णा, लोधीखेडा, मोहगाव इथले शिक्षक, बागाईतदार, मंदिरांची माहिती जमवणारे आणि जुने फोटो जपणारे यांना मला थेट सांगायचं आहे. तुमच्याकडे गावाबद्दल जे आहे ते युनिकोडमध्ये टाइप करा, फोटोखाली साल आणि जागा लिहा, एका कायमच्या पत्त्यावर ठेवा, आणि शेजारच्या गावाच्या चांगल्या पानाला दुवा द्या. तुम्ही दिलात की आम्हीही देऊ, पण आधी पान वाचून आणि माहिती तपासून.