समुद्र दिसतो म्हणून की समुद्र आहे म्हणून?

प्रश्न : मुलीकडे नीसला गेलो होतो, तेव्हा जावयांनी एझ नावाच्या जुन्या गावी गाडीने नेऊन आणलं. गाव देखणं आहे, पण तासाभरात पाहून संपलं. जिकडेतिकडे अत्तरं, साबण आणि चित्रांची दुकानं. दोन शंका आल्या. एवढा सुंदर समुद्रकिनारा खाली असताना ही माणसं त्या सुळक्यावर कशाला जाऊन राहिली? आणि पुन्हा गेलो तर दुकानं सोडून तिथे करण्यासारखं काय आहे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : किनारा खाली होता म्हणूनच ती वर गेली. आज ज्या समुद्राकडे तोंड असलेल्या खोलीचे हॉटेलवाले जादा पैसे घेतात, त्याच समुद्राकडे पाठ करून इथली माणसं शतकानुशतकं राहिली, कारण संकट यायचं ते तिथूनच. नवव्या शतकाच्या अखेरीपासून सुमारे ९७३पर्यंत याच किनारपट्टीवर, पश्चिमेला फ्राक्सिनेटम इथे, सारासेनांचा, म्हणजे मुस्लिम धाडवाल्यांचा, तळ होता आणि त्यांच्या धाडी पार आल्प्सच्या घाटांपर्यंत जात. पुढे १५४३ मध्ये उस्मानी आरमार घेऊन खैरुद्दीन बार्बारोसा नीसवर चालून आला, त्या धामधुमीत एझही पडलं. त्याचा दोस्त होता फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा! नीस आणि एझ तेव्हा फ्रान्सची नव्हती, सॅव्हॉय घराण्याच्या ताब्यात होती. ती कायमची फ्रान्सकडे आली १८६० मध्ये, सार्वमत घेऊन.

गावाची रचना या भीतीतूनच झाली आहे. समुद्रापासून सव्वाचारशे मीटरांवर चुनखडीचा उभा सुळका, आणि त्याला बिलगून घरं. बाहेरच्या ओळीतल्या घरांच्या मागच्या भिंती हाच तट. आत शिरायला चौदाव्या शतकातलं एक दुहेरी दार. त्यातून आत गेलं की जेमतेम दोन माणसं शेजारून जातील अशा बोळी, पायऱ्या आणि वळणं. आपल्याकडे गड वर आणि गावं पायथ्याला. शत्रू आला की वर धाव घ्यायची. इथे अख्खं गावच वर आणि शेतं खालच्या उतारांवर. ऑलिव्ह आणि लिंबांसाठी दगडी बांध घालून पायऱ्या केलेल्या. म्हणजे रोज सकाळी कामाला उतरायचं आणि संध्याकाळी दमल्या पायांनी चढायचं. ही चढउताराची वाट रोज तुडवणाऱ्या त्या बायाबापड्यांना ती रमणीय वगैरे वाटली असेल, असं मला वाटत नाही.

टोकावरचा किल्ला तुम्हाला दिसला नसेल, कारण तो फारसा उरलेलाच नाही. १७०६ मध्ये चौदाव्या लुईच्या हुकमावरून तो पाडला गेला. स्पेनच्या वारसायुद्धात सॅव्हॉयचा ड्यूक विरुद्ध बाजूला गेला होता, त्याची ही शिक्षा. जवळजवळ अडीचशे वर्षं ते टोक पडीक होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ मध्ये, तिथल्या महापौरांनी त्या अवशेषांत निवडुंगांची बाग करायचं ठरवलं. गाडी आत जातच नाही, त्यामुळे माती आणि झाडं माणसांनी पाठीवरून वाहून नेली.

या बागेला तिकीट आहे आणि मराठी माणूस ते काढून आत गेला की थोडा हिरमुसतो. समोर उभं काय, तर फड्या निवडुंग आणि घायपात! आपल्या शेताच्या बांधावर फुकट. पण दोघंही मूळचे अमेरिका खंडातले. इकडे जसे पाहुणे म्हणून आले तसेच तिकडेही. तिकीट वसूल होतं ते किल्ल्याच्या पडक्या भिंतीजवळ. खाली कौलारू छपरं, त्यांच्या खाली काही नाही, आणि मग एकदम समुद्र. हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी क्षितिजावर कॉर्सिका बेटाचे डोंगरही दिसतात. उतरताना गावातलं पिवळं चर्च टाळू नका. ते अठराव्या शतकात पुन्हा बांधलेलं आहे. आतल्या प्रवचनपीठातून क्रूस धरलेला एक लाकडी हात बाहेर आलेला आहे. पहिल्यांदा पाहणारा दचकतोच.

आता तुमची दुसरी शंका. एझमध्ये करण्यासारखी मुख्य गोष्ट म्हणजे एझला चालत जाणं. गाडीने थेट दारात उतरलं की उरतात दुकानंच, त्यात तुमचा दोष नाही.

नीसहून किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी लोकल पकडायची आणि एझ-सुर-मेर या छोट्या स्टेशनवर उतरायचं. पंधरावीस मिनिटांचा प्रवास. १८६८ मध्ये ही रेल्वे मोनॅकोपर्यंत पोचली आणि त्यानंतर या किनाऱ्याचं नशीब पालटलं. थंडी चुकवायला उत्तरेकडचे श्रीमंत मोठ्या संख्येने येऊ लागले, समुद्र हा पाहण्याचा विषय झाला. त्या पाहुण्यांत एक अर्धवट दृष्टीचा, डोकेदुखीने हैराण झालेला, नोकरी सोडलेला प्राध्यापक होता : तत्त्वज्ञ फ्रीडरिश नीत्शे. १८८३ पासून पाच हिवाळे तो नीसमध्ये राहिला. ‘झरतुष्ट्र’ या आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागातला जुन्यानव्या पाट्यांविषयीचा कळीचा मजकूर आपल्याला स्टेशनपासून एझपर्यंतच्या दमछाक करणाऱ्या चढावर सुचला, असं त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवलं. म्हणून या पायवाटेला आज नीत्शेचंच नाव आहे. कागद-दौत घेऊन तो चढला असेल असं समजू नका. तो चालता चालता मनात जुळवायचा. बसल्या जागी सुचलेल्या विचारांवर त्याचा विश्वासच नव्हता.

वाट स्टेशनजवळच सुरू होते, पाट्याही आहेत. खालचा भाग बंगल्यांच्या कुंपणांमधून जातो. तो पटकन उरकायचा. मग दरी अरुंद होते, पाइनची सावली येते आणि पायाखाली सुट्या दगडांचा चुरा. चढायला सव्वा ते दीड तास धरा. सह्याद्रीत फिरणाऱ्याला हा चढ अवघड नाही, पण दगड गुळगुळीत झालेले आहेत, चपला-सँडल चालणार नाहीत. वाटेत दुकान नाही, नळ नाही.

या वाटेवर मला सगळ्यात आवडतं ते एक झुडूप. कमरेएवढं, घुमटासारखं गोल, आपल्या साबरकांडाच्याच कुळातलं. पान खुडलं की तसाच पांढरा चीक येतो आणि तो डोळ्यात गेला तर तशीच आग होते. वसंतात ते पिवळंधमक असतं. मेअखेरीस पानं लालसर होतात आणि ऐन उन्हाळ्यात नुसत्या काड्या उरतात. एखाद्याला वाटेल वाळलं, गेलं. पण पाऊस इथे पडतो तो शरदात आणि हिवाळ्यात. उन्हाळा हा त्याच्या झोपेचा काळ. म्हणून ऑक्टोबरात त्याच काड्यांना पालवी फुटते. तुम्हीही झुडपाचंच वेळापत्रक पाळा : मार्च ते मे, नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टच्या दुपारी या दरीत वारा नसतो आणि वर पोचल्यावर क्रूझच्या बोटींमधून आलेली गर्दी असते. जोराच्या पावसानंतर दरडींमुळे किंवा वणव्याच्या भीतीने वाट बंदही ठेवतात, तेव्हा आधी नीसच्या पर्यटन कार्यालयात विचारा.

दिवस हाताशी असेल तर पलीकडच्या ला तुर्बी गावी जा. आल्प्समधल्या टोळ्या जिंकल्याबद्दल सम्राट ऑगस्टसने इसवी सनापूर्वी ६ च्या सुमारास उभारलेलं विजयस्मारक तिथे आहे. जिंकलेल्या टोळ्यांची नावं त्यावर कोरली होती. ते मूळचं सुमारे पन्नास मीटर उंच होतं, आता पस्तीस. मधल्या काळात त्याचा किल्ला झाला, मग सुरुंग लावणारा पुन्हा तोच चौदावा लुई, आणि उरलेले दगड गावकऱ्यांनी घरांना आणि चर्चला वापरले. शिलालेखाचे तुकडे झाले होते, पण थोरल्या प्लिनीने तो मजकूर आपल्या ग्रंथात उतरवून ठेवला होता, म्हणून विसाव्या शतकात तो पुन्हा जुळवता आला. गावातल्या जुन्या घरांच्या भिंती नीट पाहत चला. एखादा दगड घराच्या मानाने फारच सुबक वाटला तर तो कुठून आला हे कळेल.

बाकी थोडक्यात. सायकल चालवणाऱ्यांसाठी नीसहून कोल देझ या खिंडीचा चढ आहे; ‘पॅरिस-नीस’ शर्यतीचा निकाल अनेकदा तिथेच लागला आहे. प्रस्तरारोहण करणाऱ्यांसाठी ला तुर्बीचे कडे. एझच्या अत्तराच्या कारखान्यात फुकट फेरी असते आणि ती विक्रीच्या टेबलाशीच संपते. जेवण नीसला परतल्यावर घ्या : सोक्का मागा, म्हणजे लाकडाच्या भट्टीत, मोठ्या तांब्याच्या परातीत भाजलेलं बेसनाचं धिरडंच. वर मिरपूड हवी तेवढी घ्या.

प्रश्न : गुडघ्यांमुळे चढ जमत नाही. बसने वर जाऊन ती वाट उतरून आलं तर चालेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : अनेक जण तेच करतात, पण दुखऱ्या गुडघ्यांना चढापेक्षा उतार वाईट, त्यात सुटे दगड. तुम्ही गाव बघा, तेही बेताने, कारण आतही पायऱ्याच आहेत, आणि मग टॅक्सीने थेट माथ्यावरच्या रव्हेर किल्ल्याकडे जा. हा १८७०च्या युद्धानंतर बांधलेला, सुमारे सातशे मीटरांवरचा. भोवतीच्या पठारावर रुंद, सपाट रस्ते आहेत. दक्षिणेला खाली एझचा सुळका आणि समुद्र, उत्तरेला वसंतातही बर्फ असलेला आल्प्स. १९४२ मध्ये या किल्ल्यात ब्रिटिश युद्धकैदी डांबले होते आणि त्यांतले बरेच निसटलेही. वर वारा असतो आणि खाण्यापिण्याची सोय फारशी नाही, तेव्हा स्वेटर आणि डबा जवळ ठेवा, आणि टॅक्सीवाल्याला थांबायलाच सांगा. वरून दुसरी मिळणं कठीण.