अपराध कबूल, तरी फाशी का नाही?



फाशीच्या शिक्षेविषयी बोलणे निघाले की एखादा निरपराध माणूस चुकून फासावर जाईल, ही भीती प्रथम पुढे येते. परंतु अपराधी स्वतःच अपराध कबूल करीत असेल तर काय? ‘कंपल्शन’ हा १९५९ चा अमेरिकन बोलपट हाच प्रश्न विचारतो, म्हणून या पाठासाठी आम्ही तो निवडला आहे.

मेयर लेव्हिन यांच्या १९५६ च्या कादंबरीवरून रिचर्ड फ्लायशर यांनी तो काढला. पात्रांची नावे बदललेली आहेत, परंतु हकिकत शिकागोची आहे. २१ मे १९२४ रोजी १९ वर्षांचा नेथन लिओपोल्ड व १८ वर्षांचा रिचर्ड लोब या श्रीमंत घरच्या, हुशार मुलांनी १४ वर्षांच्या बॉबी फ्रँक्सला मोटारीत घेऊन ठार मारले. त्यांचे त्याच्याशी वैर नव्हते. आपण इतरांहून श्रेष्ठ आहोत, आपण सापडणारच नाही, एवढीच घमेंड. प्रेताजवळ पडलेल्या चष्म्यावरून माग लागला आणि दोघांनी कबुली दिली. तिन्ही मुलांचे वडील यहुदी वंशातले होते. म्हणजे मारणारे आणि मेलेला, दोन्हीकडचे दुःख आपल्याच घरातले.

वकील क्लॅरन्स डॅरो यांनी दोघांना अपराध मान्य करावयास लावले. त्यामुळे ज्यूरी टळली व शिक्षा ठरविण्याचा भार एकट्या न्यायाधीशावर आला. बोलपटातील वकिलाची भूमिका ऑर्सन वेल्स यांनी केली आहे. न्यायाधीश जॉन कॅव्हर्ली यांनी १० सप्टेंबर १९२४ रोजी खुनाबद्दल जन्मठेप व अपहरणाबद्दल ९९ वर्षे कैद दिली. कारण मुख्यतः मुलांचे कोवळे वय.

आता आपले शास्त्र पाहू. तोराने खुनाला देहदंड सांगितला आहे. परंतु मिश्नाप्रमाणे दोन साक्षीदार हवेत आणि कृत्यापूर्वी अपराध्याला ताकीद दिलेली हवी. शिवाय तालमुदच्या नियमाप्रमाणे माणसाच्या केवळ स्वतःच्या कबुलीवरून त्याचा प्राण घेता येत नाही. म्हणजे या दोघांना सान्हेद्रीननेही देहदंड दिला नसता. मग मोकळे सोडले असते काय? नाही. साक्षीदारांवाचून खून करणाऱ्यास कोठडीत कोंडून अपुऱ्या भाकरीवर व पाण्यावर ठेवावे, असे मिश्ना सांगते.

मक्कोथ या भागात याहून पुढची चर्चा आहे. सात वर्षांत एकाला देहदंड देणारे न्यायमंडळ घातकी म्हणावे, असे एक मत. रब्बी एलाझार बेन अझरिया म्हणतात, सत्तर वर्षांत एकाला दिला तरीही. रब्बी तर्फोन व रब्बी अकीवा म्हणतात, आम्ही तेथे असतो तर कोणालाच दिला नसता. त्यावर रब्बान शिमओन बेन गमलिएल बजावतात की अशाने इस्राएलात खुनी वाढले असते.

ही शेवटची तंबी आपल्या ज्ञानी लोकांनी गाळली नाही, हे ध्यानात ठेवावे. बॉबीच्या आईबापांना दयेची भाषा कशी वाटली असेल? पाप्याला काय योग्य, हा एक प्रश्न. मनुष्यांच्या न्यायालयाने काय हिरावून घ्यावे, हा निराळा प्रश्न. पहिल्याचे उत्तर कठोर असूनही दुसऱ्याच्या वेळी हात आवरावा, हा आम्हास या पाठाचा सार वाटतो.

पुढे लोबला १९३६ साली दुसऱ्या कैद्याने तुरुंगात मारले. लिओपोल्ड १९५८ साली सुटला, पोर्तो रिकोत इस्पितळात काम करू लागला व १९७१ साली वारला. त्याचे कर्म त्यामुळे धुतले गेले काय, हे सांगणे आमच्या हाती नाही. पश्चात्तापाला अवधी मात्र मिळाला. शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयने २०११ साली देहदंड रद्द केला.

घरी विचार करण्यासाठी दोन प्रश्न: रब्बान शिमओन यांना तुम्ही काय उत्तर द्याल? आणि तेच उत्तर बॉबीच्या आईसमोर देऊ शकाल काय?