सही करण्यापूर्वी

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या ब्रॅडली विमानतळावर २ ऑक्टोबर २०१९ रोजी सकाळी दहा प्रवासी माणशी ४५० डॉलर मोजून एका बी-१७ बॉम्बफेकी विमानात बसले होते. चार इंजिनांपैकी एक सुरू व्हायला त्रास देत होतं. त्यातला ओलावा घालवण्याची खटपट झाली, इंजिन लागलं आणि विमान निघालं. हवेत गेल्यावर थोड्याच वेळात चौथ्या इंजिनाने दगा दिला. परत फिरलेलं विमान धावपट्टीच्या अलीकडेच टेकलं, मार्गदर्शक दिव्यांना धडकलं, भरकटत जाऊन विमानतळावरच्या एका टाकीवर आदळलं आणि पेटलं. पाच प्रवासी आणि दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. उड्डाणापासून अपघातापर्यंत जेमतेम सहा मिनिटं गेली होती.

दुसऱ्या महायुद्धातल्या विमानातून तिकीट काढून चक्कर मारण्याची सोय अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा देशांत आहे. ब्रिटनमध्ये दोन आसनी स्पिटफायरच्या अर्ध्या तासाला काही हजार पौंड पडतात. आपल्याकडे हवाई दलाला मिळालेलं एक जुनं डकोटा ‘परशुराम’ या नावाने पुन्हा उडू लागलं, पण त्याचं तिकीट मिळत नाही. त्यामुळे विमानवेड्या मराठी माणसाची ही हौस परदेशातच भागते. परदेशात स्थायिक झालेल्या मुलांनी वडिलांच्या साठीला किंवा पंचाहत्तरीला द्यावी अशीच ही भेट आहे, आणि तिच्यामागचं प्रेम खरं असतं. बी-१७ च्या पोटात उघडा ॲल्युमिनियम दिसतो, डोक्यावरून पोलादी केबली पुढे-मागे सरकताना दिसतात, बॉम्ब ठेवण्याच्या जागेतून पुढे जायला पाऊलभर रुंदीची पट्टी असते. वीस-बावीस वर्षांची पोरं यातून जर्मनीवर जात होती, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि त्या पट्टीवर पाय ठेवणं वेगळं.

म्हणूनच ब्रॅडलीच्या चौकशीत काय निघालं ते नीट वाचलं पाहिजे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा अंतिम अहवाल २०२१ मध्ये आला. बी-१७ च्या प्रत्येक इंजिनाला ठिणगी देण्यासाठी दोन मॅग्नेटो असतात. एक बंद पडला तरी दुसऱ्याने निभावावं, हा हेतू. चौथ्या इंजिनाच्या डाव्या मॅग्नेटोची तार तिच्या जागेतून निसटली होती आणि आधी कुणीतरी ती साध्या बांधायच्या तारेने अडकवून ठेवली होती. ती धातूला टेकल्यामुळे तो मॅग्नेटो निकामी झाला. उजव्याचा एक भाग झिजलेला, त्यामुळे त्याची ठिणगीही जेमतेम. तिसऱ्या इंजिनाचे स्पार्क प्लग साफ करायला झालेले. यातलं काहीही आभाळातून पडलेलं नव्हतं. जमिनीवर, पाना हातात घेऊन पाहिलं असतं तर दिसलं असतं. शक्ती कमी पडत असताना चाकंही वेळेआधी खाली सोडली गेली, त्याने वेग आणखी उतरला. अपघाताचं मुख्य कारण म्हणून मंडळाने वेग आणि चाकांची ही हाताळणीच नोंदवली. दौऱ्यावर असतानाची अपुरी देखभाल, विमान चालवणाऱ्या संस्थेची कुचकामी सुरक्षा व्यवस्था आणि सरकारी देखरेखीतली ढिलाई त्याखाली.

सगळ्यात बोलकी बाब वेगळीच आहे. विमान उडवणारा मुख्य वैमानिक हाच त्या संस्थेचा देखभाल प्रमुख होता. बी-१७ वर त्याच्याइतके तास उडवलेले वैमानिक जगात फार थोडे असतील. पण आपणच दुरुस्त केलेलं यंत्र आपणच पास करायचं, आणि दौऱ्यावर उद्याची तिकिटं विकलेली असताना करायचं, ही व्यवस्थाच चुकीची. पुढे मार्च २०२० मध्ये विमान वाहतूक प्रशासनाने संस्थेची प्रवासी नेण्याची सवलत काढून घेतली. प्रवाशांसोबत असलेल्या कर्मचाऱ्याला रीतसर प्रशिक्षण मिळालेलं नव्हतं, हेही त्या निर्णयात आलं.

तेव्हा पहिला प्रश्न हा: विमान तपासणारा आणि उडवणारा वेगळा आहे का? चांगली संस्था याचं उत्तर आनंदाने देते, हँगरमध्ये नेऊन कागदही दाखवते.

विमान ठणठणीत असलं म्हणजे झालं, असंही नाही. ४ ऑगस्ट २०१८ रोजी स्वित्झर्लंडमध्ये १९३९ साली बांधलेलं युंकर्स-५२ विमान पिझ सेग्नास शिखराजवळ कोसळलं. लोकार्नोची दोन दिवसांची सहल आटोपून परतणारे सतरा प्रवासी आणि तिघे कर्मचारी, वीसच्या वीस गेले. चौकशीत त्या विमानात तडे आणि गंज सापडला, पण अपघात त्यामुळे झाला नव्हता. मुरलेल्या वैमानिकांनी अरुंद दरीत विमान फार खालून नेलं होतं आणि वळायला जागाच उरली नाही. विमानाचा गुरुत्वमध्यही मर्यादेपेक्षा मागे गेला होता, त्यामुळे ताबा सुटणं सोपं झालं. ‘डोंगर जवळून दाखवा’ हा आग्रह प्रवाशांनी कधीही धरू नये. आणि संस्था वजन विचारते तेव्हा खरा आकडा सांगावा, दिलेली जागा परवानगीशिवाय सोडू नये. तो आकडा आणि ती जागा वैमानिकाच्या हिशेबात धरलेली असते.

ब्रिटनमध्ये अशा उड्डाणापूर्वी प्रवाशाला स्पष्ट सांगावं लागतं की, हे विमान नेहमीच्या प्रवासी विमानाच्या सुरक्षा निकषांत बसत नाही. ते समजल्याची सही घेतली जाते, पॅराशूट बांधून विमानाबाहेर कसं पडायचं हे शिकवलं जातं. ते शिकवणं कान देऊन ऐकावं. गुडघा दुखत असेल, खांदा वर जात नसेल, तर भेट देणाऱ्या मुलांनी वडिलांना बसवण्याआधी विचार करावा: त्या अरुंद कॉकपिटातून त्यांना स्वतःच्या बळावर, घाईत बाहेर येता येईल का? येत नसेल तर उड्डाण करू नये.

भारतातून काढलेला प्रवास विमा बहुतेकदा नियमित विमानसेवेपुरताच असतो, साहसी खेळ वगळलेले असतात. पैसे भरण्यापूर्वी विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावं. हवामानामुळे उड्डाण हमखास पुढे ढकललं जातं, म्हणून सहलीच्या शेवटच्या दिवशी ते ठेवू नये. परतीचं विमान संध्याकाळी असलं की माणूस दुपारच्या ढगांकडे कानाडोळा करायला तयार होतो.

आणि तुम्ही आत बसलेले असताना इंजिन लागेना, कुणी झाकण उघडून खटपट करू लागलं, तर पट्टा सोडून खाली उतरा आणि घरच्यांनाही उतरवा. दुरुस्ती काय झाली, ती कुणी तपासली, हे विचारा. समाधान झालं नाही तर तिकिटाच्या पैशांवर पाणी सोडा आणि परत बसू नका.