खात्यावर आले म्हणजे आपले झाले असे नाही

आमच्या बीड जिल्ह्यात शेतकऱ्याच्या खात्यावर न सांगता पैसे येणं नवलाचं नाही. पीएम किसानचा हप्ता, नमो शेतकरीचा हप्ता, पीक विमा, अतिवृष्टीचं अनुदान. कधी कशाचे येतील ते तलाठ्यालाही सांगता येत नाही. त्यामुळे मोबाइल वाजला की 'किती आले' एवढंच बघायची सवय लागलीय. 'कशाचे आले' हे कुणी विचारत नाही, आणि चुकून आलेला पैसा नेमका इथंच गोत्यात आणतो.

माझ्या खात्यावर असेच 1,84,000 रुपये पडले. दिवस अनुदानाचेच होते. पण माझं कोरडवाहू रान अडीच एकर, म्हणजे हेक्टरभर; दर हेक्टरी 8,500 चा. हिशेब काही केल्या बसेना. पासबुक भरून आणलं, तर नोंदीपुढं एका जिनिंगचं नाव. तिथं मी कधी कापूस घातलेलाच नव्हता.

चुलतभाऊ म्हणाला, "आलेत तर काढून घे दादा. चूक बँकेची, आपण काय चोरी केली का?" पारावरच्या दुसऱ्यानं भर घातली, "मल्टिस्टेटमध्ये आपल्या ठेवी बुडाल्या, तवा कोण आलं होतं इचारायला?" हा राग खोटा नाही, मल्टिस्टेट पतसंस्थांत ठेवी अडकलेली घरं जिल्ह्यात गावोगाव आहेत. पण ते 1,84,000 कुणा शेतकऱ्याच्या कापसाची पट्टी होती. बँकेत एनईएफटीची स्लिप भरून घेताना खाते क्रमांकातला एक आकडा चुकला होता.

मी शाखेत लेखी अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख अशी पोच घेतली. तोंडी सांगितलं तर चालेल, असं काउंटरवरचे साहेब म्हणत होते, तरी घेतली. पुढं खात्यावर होल्ड लागला. माझ्या विम्याचे पैसेही त्यात अडकले, आणि 'ही रक्कम का ठेवून घेतली' अशी उलट मलाच विचारणा आली. पोच पुढं केली तेव्हा सूर बदलला. होल्ड तेवढ्याच रकमेपुरता राहिला, बाकीचं खातं मोकळं झालं.

कायदा इथं अगदी स्पष्ट आहे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 72 प्रमाणे चुकून मिळालेला पैसा परत करावाच लागतो. चूक बँकेची होती म्हणून तो आपला होत नाही आणि खर्चून टाकला म्हणून देणं फिटत नाही. चूक उघडकीस आल्यापासून साधारण तीन वर्षांत बँक दिवाणी दावा लावू शकते. फौजदारी बाजू वेगळी. आपले नाहीत हे कळूनही बदनियतीनं वापरले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खाली सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि दंड. पैसे येणं हा गुन्हा नाही, कळल्यावर दाबून बसणं हा गुन्हा.

गोदावरीपलीकडं पैठण तालुक्यात 2021 मध्ये एका शेतकऱ्याच्या जनधन खात्यावर ग्रामपंचायतीचे 15 लाख जमा झाले. पंतप्रधानांनीच पाठवले असं समजून त्यानं सुमारे 9 लाख घराला लावले. नंतर बँकेनं पैसे परत मागितले. तामिळनाडूत तिरुपूरला 2012 मध्ये असेच आलेले सरकारी निधीचे 40 लाख एका जोडप्यानं खर्चले. 2019 मध्ये कोर्टानं दोघांना तीन वर्षांची शिक्षा दिली. नोव्हेंबर 2023 मध्ये युको बँकेतून सुमारे 820 कोटी चुकून खात्यांवर गेले. पैसे परत न देता काढून घेणाऱ्यांच्या मागावर पुढच्या मार्चमध्ये सीबीआयचे छापे राजस्थानबरोबर महाराष्ट्रातही पडले.

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा. रकमेचा मेळ लागेना, तर आधी पासबुक भरून नोंद वाचा. त्या रकमेला हात लावू नका. कर्जाचा हप्ता आपोआप कटत असेल तर तेवढी शिल्लक वेगळी ठेवा. शाखेत लेखी कळवा आणि पोच जपा.

"चुकून आले, या नंबरवर परत टाका" असा फोन आला तर मात्र एक रुपयाही पाठवू नका. तो पैसा सायबर चोरीचा असू शकतो. तुम्ही भलत्याला द्याल आणि खरा मालक पुन्हा तुमच्याकडंच मागेल. ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं बँकेलाच परत फिरवू द्या. फसवणुकीचा संशय आला तर 1930 वर कळवा. तुमचेच पैसे बँकेनं विनाकारण अडवले तर आधी बँकेकडं लेखी तक्रार करा. तिथं दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जा, माहितीचा नंबर 14448. आणि स्वतः पैसे पाठवताना एप्रिल 2025 पासून एनईएफटी-आरटीजीएसला मिळालेली नाव तपासायची सोय वापरा.

बँकेनं चूक केली तर तिला जाब जरूर विचारा. मी विचारला, विम्याचे पैसे अडकवल्याबद्दल लेखी खुलासा मागितला. त्या 1,84,000 मधले पाच हजार जरी उचलले असते, तर खुलासा मलाच द्यावा लागला असता.