आधी गारवा, मग व्यायाम

पोरी, एमआरआयचा रिपोर्ट आला, डॉक्टरांनी एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणून सांगितलं, आणि त्या दिवसापासून घरातला जो तो तुला पडून राहायला सांगतोय, हे मला कुणी सांगायला नको. माझ्या वेळी डॉक्टरसुद्धा हेच सांगायचे. व्यायामाने अंग तापतं, त्रास वाढतो, तेव्हा जपून राहा, असा तेव्हाचा रिवाज. मग १९९६ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात एमएसच्या रुग्णांकडून १५ आठवडे हातापायांनी चालवायची सायकल मारून घेतली. त्यांचा दम वाढला आणि ताकदही वाढली. तिथून वारं फिरलं. आज कुठलाही जाणता न्यूरोलॉजिस्ट तुला हालचाल चालू ठेवायलाच सांगेल. औषध मात्र ठरल्याप्रमाणे चालूच राहिलं पाहिजे. योगाने एमएस बरा होतो म्हणणारे या शहरात गल्लोगल्ली भेटतील, त्यांना लांबून नमस्कार कर.

आता फरीदाबादचं ऐक, कारण तू नाशिकच्या हवेतून इथे आली आहेस. आपल्या आजारात मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण जागोजागी झिजलेलं असतं, आणि शरीर जरा तापलं की त्या झिजलेल्या जागेतून संदेश नीट जात नाहीत. अर्धा अंश तापमान वाढलं तरी कुणाची नजर धूसर होते, कुणाचा पाय ओढायला लागतो. श्रमानंतर नजर अशी तात्पुरती धूसर होते, हे उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रवैद्याने १८९० मध्येच लिहून ठेवलंय. अंग थंड झालं की बहुधा तासाभरात सगळं जागेवर येतं. आजार वाढला म्हणून घाबरायचं नाही. पण इथे मे-जूनमध्ये पारा ४५ च्या घरात जातो, सकाळी आठला गच्चीवर पाय ठेववत नाही. म्हणून कसरत कुठली, हा प्रश्न नंतरचा. आधी अंग गार ठेवायचं शीक.

उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी नळातून चटका देत येतं, ते गार होईल म्हणून वाट बघत बसू नकोस. रात्री बादली भरून न्हाणीत ठेव. सकाळी व्यायामाआधी १५-२० मिनिटं त्यात पोटऱ्यांपर्यंत पाय सोडून बस, मानेवर ओला पंचा टाक. बर्फ घालू नकोस, काहींचे स्नायू त्याने आखडतात. व्यायाम करताना पाण्याची बाटली हाताशी ठेव, घोट-घोट पीत राहा. लघवीची घाई होते म्हणून आपल्यातल्या पुष्कळ बायका पाणीच तोडतात, मग बद्धकोष्ठ होतं, लघवीचा जंतुसंसर्ग होतो, ताप येतो आणि त्या तापाने पाय आणखी लटपटतात. पाणी तोडण्यापेक्षा व्यायामाला बसण्याआधी जाऊन ये.

कूलरवर मे-जून निघून जातात, कारण तेव्हा हवा कोरडी असते. जुलै-ऑगस्टमध्ये हवेत दमट उकाडा असतो, तेव्हा कूलर नुसता ओल वाढवतो. त्या दोन महिन्यांत एसीच्या खोलीतच व्यायाम कर, विजेच्या बिलाचा विचार करू नकोस, हा औषधाचाच खर्च समज. लाइट गेली तर त्या दिवशी नुसते पाय ताणून घे. आणि नोव्हेंबरात धुरकट हवा पसरली की सेक्टर १२ च्या टाउन पार्कचा फेरा बंद, खिडक्या लावून घरात. फेब्रुवारी-मार्च हे इथले सोन्याचे दिवस, तेव्हा मनसोक्त चाल, फक्त बाकांच्या कडेकडेने.

ताकदीच्या व्यायामाला जिमच हवी असं नाही. आठवड्यातून दोन दिवस पुरे, मध्ये किमान एक दिवस मोकळा. फिजिओकडून एकदा तुझं शरीर तपासून घे, कुठली बाजू कमजोर आहे ते कळू दे. माझा सगळ्यात भरवशाचा व्यायाम म्हणजे खुर्चीतून उठणं. हात नसलेली, न घसरणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेव. बैठकीवर सोलापुरी चादर चौपदरी घडी करून घाल, म्हणजे बैठक उंच होते आणि उठणं सोपं जातं. तळवे पूर्ण जमिनीवर, पाय गुडघ्यांच्या किंचित मागे, छाती पुढे, आणि हाताचा आधार न घेता उठायचं. खरी मेहनत खाली बसताना असते, तीन आकडे मोजत हळू बस, धपकन नको. दहा वेळा झालं की एक-दोन मिनिटं बसून राहा, मग आणखी दहा. पंधरापर्यंत सहज जायला लागलीस की चादरीची एक घडी कमी कर. काही महिन्यांनी चादरच लागणार नाही. याच्या जोडीला ओट्याला धरून टाचा उचलणं, भिंतीला हात लावून दंड, आणि रबरी पट्टी दाराच्या कडीला बांधून मागे ओढणं. अशक्त बाजू आधी, ताज्या दमात. आणि सगळं अनवाणी किंवा बंद बुटात, सपातांमध्ये कधीच नाही.

थांबायचं कधी, हे कुणी नीट सांगत नाही. दम लागेपर्यंत, घाम गळेपर्यंत, हे निरोगी माणसांचे हिशेब. आपण पायाचा आवाज ऐकायचा. चालताना बुटाचं टोक फरशीला घासल्याचा बारीक आवाज येतो, खर्र असा. तो आला की त्या दिवसापुरता व्यायाम संपला, मग दोनच वेळा राहिल्या असल्या तरी. आणि व्यायामानंतर दोन तासांनीही अंगात त्राण नसेल तर पुढच्या वेळी निम्मं कर. दिल्लीला डॉक्टरांकडे जायचं असेल त्या दिवशी ताकदीचा व्यायाम ठेवूच नकोस. मेट्रोच्या जिन्यांची चढउतार, दवाखान्यातलं ताटकळणं, यातच सगळी शक्ती जाते. लिफ्ट वापर, राखीव जागेवर बस. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचं नाव लिहिलेलं आहे, कुणी टकमक बघितलं तर बघू दे.

योगाचं म्हणशील तर आपल्या पुण्याचं ऋण मोठं आहे. बी. के. एस. अय्यंगारांनी खुर्ची, दोर, पट्टे, लाकडी विटा आणि लोड हे सगळं आसनाच्या कामाला लावलं. १९७५ साली उभ्या राहिलेल्या त्यांच्या संस्थेत आजारी माणसंही त्याच आधारांनी आसनं करत आली. एरिक स्मॉल या अमेरिकन माणसाला विशी ओलांडता ओलांडता एमएसचं निदान झालं, तो अय्यंगारांचा शिष्य झाला आणि पुढे कित्येक वर्षं एमएसच्या लोकांना शिकवत राहिला. म्हणून आधार घेतल्याची लाज धरू नकोस. वीरभद्रासन खुर्चीच्या पाठीला धरून केलं तरी ते वीरभद्रासनच.

शिकवणाऱ्याला पहिल्या दिवशीच सांग: उभं राहून डोळे मिटणार नाही. आपला तोल बराचसा नजरेवर चालतो, डोळे मिटले की पडलोच. मान छातीकडे वाकवल्यावर पाठीतून वीज गेल्यासारखी झिणझिणी येत असेल तर जालंधर बंध आणि सर्वांगासन वर्ज्य, शीर्षासन तर नकोच. बंद तापलेल्या खोलीतल्या योगाच्या वाटेला जाऊ नकोस, भस्त्रिकेचा जोर नको. रात्री पोटऱ्या आखडतात ना? मग झोपण्याआधी भिंतीला पाय लावून विपरीत करणी, कमरेखाली लोड, दहा मिनिटं. ताण हळू दे, झटका दिलास की स्नायू उलट जास्त आवळतात. ओरेगनमध्ये २००४ साली झालेल्या अभ्यासात सहा महिने योग करणाऱ्यांचा थकवा सायकल मारणाऱ्यांइतकाच कमी झाला होता, स्मरणशक्तीत मात्र फरक पडला नव्हता. तेवढीच अपेक्षा ठेव, आणि तेवढंही पुष्कळ आहे.

आणि अटॅक आला तर? नवीन लक्षण, ताप नसताना, २४ तासांवर टिकलं, तर व्यायाम बाजूला ठेवून डॉक्टरांना फोन. मनाने चार दिवस वाट बघू नकोस. अटॅकवर दिलेली स्टेरॉइडची सलाइन संपली की उसनी तरतरी येते, रात्र-रात्र झोप लागत नाही, त्या तरतरीच्या भरात जुन्या आकड्यावर जाऊ नकोस. डॉक्टर हो म्हणाले की खुर्चीवर पुन्हा चादर घाल आणि पाचापासून धर. त्या आठवड्यांत पोळ्या बाईंकडून करून घे, ओट्यापाशी उभं राहायची ताकद टाचा उचलायला ठेव.