पाठीशी 'यू' नसलेला 'क्यू'

इंग्रजी शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला शुद्धलेखनाचे जे थोडे नियम अपवादरहित म्हणून सांगितले जातात, त्यांपैकी एक असा की 'क्यू' या अक्षरानंतर 'यू' हे अक्षर आलेच पाहिजे. क्वीन, क्विक, क्वेश्चन हे शब्द त्याची साक्ष देतात. परंतु स्क्रॅबल हा शब्दखेळ खेळणाऱ्याला या नियमाचा जाच लवकरच जाणवतो. त्या खेळाच्या शंभर सोंगट्यांत 'क्यू'ची सोंगटी एकच असते आणि तिचे मोल 10 गुण असते. 'यू'च्या सोंगट्या अवघ्या चार. 'क्यू' हाती आला आणि 'यू' आला नाही, तर काय करावे?

अशा वेळी जाणते खेळाडू चार किंवा पाच अक्षरांच्या काही मोजक्या शब्दांचा आधार घेतात. चार अक्षरांत बसणारे शब्द पाहा: 'कादी' (क्यू-ए-डी-आय), म्हणजे इस्लामी कायद्यानुसार निवाडा करणारा, 'काइद' (क्यू-ए-आय-डी), म्हणजे नायक, 'वक्फ' (डब्ल्यू-ए-क्यू-एफ), म्हणजे धर्मादाय ठेवलेली मालमत्ता, 'फिक्ह' (एफ-आय-क्यू-एच), म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रातील विधिविचार. पाच अक्षरांचे शब्द याहून अधिक परिचयाचे आहेत: फकीर, तलाक, नकाब आणि 'किब्ला', म्हणजे नमाजाच्या वेळी तोंड करावयाची मक्केची दिशा. 'कनात' हाही पाच अक्षरांचाच. मात्र तंबूभोवती उभारतात ती कनात येथे अभिप्रेत नाही. इराणात डोंगराच्या पायथ्यापासून शेतापर्यंत पाणी आणणाऱ्या भुयारी कालव्याचे हे नाव आहे.

ही यादी वाचताना मराठी वाचकाच्या लक्षात येईल की इंग्रजाला जे शब्द विचित्र वाटतात ते आपल्याला बहुतांशी घरचेच आहेत. याचे कारण उघड आहे. हे सर्व शब्द अरबी असून त्यांतील 'क्यू' हा अरबीतील 'काफ' या वर्णाचा प्रतिनिधी आहे. जिभेचे मूळ पडजिभेला टेकवून हा 'क' उच्चारतात. आपल्या कंठ्य 'क'हून तो अधिक खोलवरचा. (चिनी भाषेच्या रोमन लेखनातील 'क्यू'चा मार्ग निराळा आहे. तेथे त्याचा उच्चार 'छ'च्या जवळ जातो.)

या कामासाठी 'क्यू'चीच निवड झाली हे योग्यच झाले, कारण ही दोन्ही अक्षरे एकाच पूर्वजाची संतती आहेत. फिनिशियन लिपीतील 'कोफ' हे अक्षर एका शाखेने अरबीत 'काफ' झाले, तर दुसऱ्या शाखेने ग्रीक आणि इट्रुस्कन लिप्यांतून रोमन लिपीत जाऊन 'क्यू' झाले. कोफ, रेश, शिन, ताव हा सेमिटिक वर्णमालेतील क्रम 'क्यू, आर, एस, टी' या क्रमात आजही टिकून आहे. इट्रुस्कन लोक पुढे येणाऱ्या स्वराप्रमाणे 'क'साठी वेगवेगळी अक्षरे वापरीत आणि 'उ'च्या आधी 'क्यू' लिहीत. 'क्यू' आणि 'यू' यांची जोडी येथपासूनची आहे. लॅटिनने ती पुढे चालविली. जुन्या इंग्रजीत मात्र ती नव्हती. क्वीन हा शब्द तेव्हा 'सी' आणि 'डब्ल्यू' यांनी लिहीत. 1066 मध्ये नॉर्मन सत्ता आल्यानंतर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी ही जोडी इंग्रजीत रूढ केली.

या दोन परंपरांची गाठ कोठे पडते हे पाहावयाचे असेल तर दिल्लीतील पाट्या वाचाव्यात. 'पुराना किला' या नावातील 'किला' रोमन लिपीत सामान्यतः चार अक्षरांत लिहिला जातो: क्यू-आय-एल-ए. परंतु 2017 मध्ये सुरू झालेल्या 'लाल किला' या मेट्रो स्थानकाच्या नावात त्याच शब्दाची पाच अक्षरे झाली आहेत, कारण 'क्यू'मागे 'यू' घातलेला आहे. शाळेत पाठ केलेला नियम येथे अरबी शब्दावर चढून बसला आहे. मूळ शब्दात 'उ'चा मागमूस नाही. कुतुबमिनाराची गोष्ट याच्या उलट आहे. 'कुत्ब' म्हणजे आस किंवा ध्रुव. त्यातही 'क्यू'नंतर 'यू' येतो खरा, पण तो जोडीचा मुका सोबती नसून खराखुरा 'उ' स्वर आहे. जुन्या शहरातील 'हौज काझी' या भागाच्या नावात वर सांगितलेला 'कादी'च आहे. अरबीत ज्या वर्णाचा उच्चार 'द'सारखा होतो, तो फारसीत आणि म्हणून आपल्याकडेही 'झ' होतो.

हिंदी लेखक 'क'खाली नुक्ता देऊन हा भेद राखू शकतात. मराठीने तो खटाटोप केला नाही. तिने 'काफ'ला सरळ 'क' मानले आणि शब्द आपल्या जिभेला रुचतील असे वळविले. अक्ल, नक्ल, हक यांचे अक्कल, नक्कल, हक्क झाले. किल्ल्यात 'ल'चे द्वित्त आले. 'कुफ्ल'मधील वर्णांची उलटापालट होऊन जे 'कुलूप' झाले, त्याचे अरबी मूळ सांगितल्यावाचून ओळखूही येत नाही. तालुका, मुक्काम, कर्ज, कलम, बंदूक या सर्वांत तो खोल 'काफ' लपलेला आहे.

हा विषय केवळ खेळापुरता नाही. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी ग्रंथांत कुतुबमिनाराचे नाव बहुधा 'के'ने लिहिलेले असे. त्याहून जुन्या लेखनात 'सी'ही आढळतो. 1993 मध्ये जागतिक वारसास्थळांच्या यादीत ते 'क्यू'ने नोंदले गेले. कायद्याच्या ग्रंथांतही असेच घडले. 1954 आणि 1995 च्या अधिनियमांत 'वक्फ' हा शब्द 'के'ने लिहिलेला होता. 2013 च्या दुरुस्तीने तेथे 'क्यू' आणला. म्हणून ग्रंथालयाच्या सूचीत एकाच अक्षराखाली शोध घेणारा वाचक 'पुस्तक नाही' असे समजून परत जातो, आणि पुस्तक मात्र शेजारच्या खणात असते. दिल्लीचा इतिहास शोधणाऱ्याने 'क्यू', 'के' आणि 'सी' हे तिन्ही खण उघडून पाहावेत. 'क्यू'च्या खणात तर 'यू'सह आणि 'यू'विना, असे दोनदा.