दाणे आपले, दोरीही आपलीच
(बालवर्ग अभ्यास : हिवाळा – पाखरांसाठी दाणापात्र)

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



थंडी पडली की आपल्या बडोद्याच्या बालवर्गात पाखरांसाठी दाणापात्रं करायची, असा नेम आहे. इतर केंद्रांतूनही कृती विचारतात, म्हणून यंदा ती सविस्तर देतो आहोत. पण कृतीच्या आधी आमची एक चूक सांगायला हवी. ती सांगितल्याशिवाय हा पाठ पुरा होत नाही.

*पाखरांना दाणे का घालायचे?*

गृहस्थाला रोजचे पाच यज्ञ सांगितले आहेत : देवयज्ञ, पितृयज्ञ, ब्रह्मयज्ञ, मनुष्ययज्ञ आणि भूतयज्ञ. आपल्या अन्नातला घास मुक्या जिवाला काढून ठेवणं हा भूतयज्ञ. आपल्या आज्या जेवणाआधी कावळ्याला घास ठेवायच्या तो हाच. गुजरातेत तर पोळांमधून, गावागावांतून पाखरांसाठी उंच, नक्षीदार चबुतरे आहेत. पाखराला दाणा घालणं ही इथल्या मातीतलीच गोष्ट.

थंडीत याची गरज जास्त. चिमणीचं वजन जेमतेम 25 ते 30 ग्रॅम, आणि अंग मात्र 40 अंशांच्या वर ऊबदार ठेवायचं. रात्र मोठी, त्यात खाणं नाही. सकाळी ती अगदी रिकाम्या पोटी बाहेर पडते. म्हणून दाणे सकाळी लवकर घालायचे. मुलांना एवढं कळलं की ती स्वतःच लवकर उठतात, हा आमचा अनुभव!

*आमची चूक*

काही वर्षांपूर्वी उत्तरायण नुकतंच झालं होतं. रविवारच्या वर्गात मुलं मातीच्या परळांना दोऱ्या बांधत होती. सुतळी संपली. एक आठ वर्षांचा मुलगा धावत घरी गेला आणि गच्चीवरून उरलेल्या मांज्याचा गुंडा घेऊन आला. "ताई, हा खूप पक्का आहे, तुटणारच नाही!" आम्हालाही ते पटलं. गाठी आम्हीच मारल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या आईचा फोन आला. परळाखाली एक होला उलटा लोंबकळत होता. मांज्याचं सुटं टोक पायात अडकलेलं, आणि तो जितका फडफडेल तितकं ते आत रुतत होतं. कात्रीने सोडवला, टॉवेलात गुंडाळून पक्ष्यांच्या उपचाराच्या ठिकाणी नेला. संध्याकाळपर्यंत तो गेला.

पुढच्या रविवारी त्या मुलाने भर वर्गात विचारलं, "ताई, दाणे आपण घातले ना? मग पाप कुणाला लागलं?"

आमच्यापाशी तयार उत्तर नव्हतं. आम्ही त्याला जवळ घेतलं आणि एवढंच म्हटलं, "बाळा, तुझं काही चुकलं नाही. दोरी मोठ्यांनी बघायला हवी होती. गाठ आम्ही मारली." मुलांपुढे आपली चूक कबूल करणं जड गेलं, पण त्या दिवशी वर्ग जितका शांत बसला तितका कधीच बसला नव्हता.

एकादश स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये कपोत आहे. पारध्याच्या जाळ्यात त्याची पिल्लं सापडतात, मग कपोती आणि शेवटी तोही. तिथे आसक्तीचा बोध आहे. पण त्या वर्षी ती कथा वाचताना आम्हाला जाळंच दिसत राहिलं. पारध्याने जाणूनबुजून पसरलं, आम्ही अजाणता. पाखराला दोन्ही सारखीच. तेव्हा हेतू चांगला असला तरी हात सावध हवा, हा या पाठाचा गाभा.

*कृती*

1. नारळाची अर्धी करवंटी किंवा मातीची पसरट परळ घ्यावी. करवंटीची कड काचपेपरने घासून गुळगुळीत करावी. आतून रंग लावू नये.
2. करवंटीच्या कडेला सारख्या अंतरावर तीन भोकं आणि बुडाला एक बारीक भोक पाडावं, म्हणजे दव साचून दाणे कुजत नाहीत. भोकं मोठ्यांनीच पाडायची. परळ असेल तर सुतळीच्या शिंक्यात बसवावी.
3. जाड सुतळीच वापरावी. मांजा, नायलॉन, मासे धरायची तंगूस अजिबात नको. गाठीची लोंबती टोकं कापून टाकावीत.
4. जमिनीपासून 5-6 फूट उंच टांगावं. मांजर जिथून उडी मारेल अशी भिंत किंवा फांदी जवळ नको. मोठ्या काचेच्या खिडकीसमोर टांगू नये, पाखरं काचेवर आपटतात.
5. शेजारी उथळ भांड्यात पाणी, त्यात एक दगड, म्हणजे पाखराला बसता येतं.

*काय घालावं, काय नको*

बाजरी, ज्वारी, राळे, तांदळाची कणी चालते. बिनमिठाचे शेंगदाणे भरडून थोडेच घालावेत. बुरशीचा वास आला तर टाकून द्यावेत, ते विषारी असतात. शेव, गाठिया, फरसाण, बिस्किटं नकोत. तळ्यावर गल पक्ष्यांना गाठिया टाकताना आपण पाहतो. प्रेमानेच टाकतात, पण तेवढं मीठ पाखराच्या अंगाला सोसत नाही. पावाने पोट भरतं, पोषण होत नाही.

एका वेळी मूठभरच दाणे. संध्याकाळी उरलेले काढून घ्यावेत, नाहीतर उंदीर येतात. आठवड्यातून एकदा पात्र गरम पाण्याने घासून उन्हात वाळवावं. विष्ठेतून पाखरांना रोग होतात. नंतर मुलांनी साबणाने हात धुवायचे, हे विसरायचं नाही बरं का!

*मुलांचा अभ्यास*

• रोज सकाळी दहा मिनिटं शांत बसून कोण आलं ते वहीत लिहा. चिमणी, होला, साळुंकी, खार? नाव माहीत नसेल तर चित्र काढा.
• सलीम अली लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारत. एकीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, ही कुठली म्हणून ते विचारायला गेले आणि पुढे जन्मभर पक्ष्यांचे झाले. तुम्हाला या आठवड्यात कोणता प्रश्न पडला?
• घरच्यांशी बोला : आपण चांगल्या मनाने दिलेलं कुणाला कधी टोचलं का?

*या महिन्याचा संकल्प*

नायलॉनच्या मांज्यावर 2017 पासून देशभर बंदी आहे. तो घरात आणायचा नाही. सुती दोरीनेही पहाटे आणि संध्याकाळी पतंग उडवायचा नाही, कारण तीच पाखरांची जायची-यायची वेळ. आणि 16 जानेवारीला गच्चीवर, अंगणात, हाताला येणाऱ्या फांद्यांवर अडकलेला मांजा गोळा करायचा. विजेच्या तारांना मात्र हात लावायचा नाही.

हा शेवटचा नेम आमचा नाही, त्या मुलाचा आहे. पुढच्या वर्षी त्याने दाणापात्र केलं नाही. "आधी हे," म्हणाला, आणि पिशवी व बोथट टोकाची कात्री घेऊन आला. त्याच्यामागे सगळा वर्ग निघाला. त्यानंतरच्या रविवारी त्याने सुतळी मागितली.

आपल्या केंद्रातल्या मुलांची वही आम्हाला जरूर कळवा.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥